मिशनच्या शेतावर अनाथ मुलांसाठी कोंबडीपालन: शेडआधी खाद्याचा हिशेब मांडा

अनाथ मुलांची वसतिगृहं चालवणाऱ्या ख्रिस्ती मिशन संस्थांकडे बऱ्याच ठिकाणी स्वतःची शेती असते. मुलांच्या ताटात रोज एक अंडं पडावं आणि उरलेल्या अंड्यांतून संस्थेला चार पैसे मिळावेत, म्हणून कोंबडीपालनाचा विचार पुढे येतो. विचार चांगला आहे. पण शेडला देणगी मिळते आणि खाद्याला मिळत नाही, तिथंच असा प्रकल्प अडकतो. मग मुलांच्या किराण्याचे पैसे कोंबड्यांच्या खाद्यात जायला लागतात. असं होऊ नये म्हणून काय करायचं, ते समजून घेऊ.

ही वाट जुनीच

मिशन आणि शेती यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी निराधार मुली आणि बायांना आणून पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यात केडगाव इथं सांभाळलं. त्या मुक्ती मिशनला शेतीची जोड होती. उत्तर प्रदेशातलं एटा आणि तमिळनाडूतलं काटपाडी इथं गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मिशनऱ्यांनी सुधारित कोंबड्या आणून आसपासच्या खेड्यांत दिल्या. भारतातल्या कोंबडीपालनाच्या इतिहासात या दोन्ही गावांची नावं येतात.

60 मुलांसाठी किती कोंबड्या?

समजा संस्थेत 60 मुलं आहेत. अंड्यांच्या लेअर जातीच्या 100 कोंबड्या धरल्या आणि सरासरी 80 टक्के अंडी मिळाली, तर रोज 80 अंडी होतात. 60 मुलांना गेली, 20 विकायला उरली.

आता खर्च बघा. एक लेअर कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाते. म्हणजे 100 कोंबड्यांना रोज 11 किलो खाद्य लागतं. भाव किलोला 30 रुपये धरला तर रोजचे 330 रुपये झाले. 20 अंडी सहा रुपयांनी विकली तर 120 रुपये येतात. बाकीचे 210 रुपये रोज, म्हणजे महिन्याला 6,300 रुपये संस्थेलाच घालावे लागतात. तीच 60 अंडी बाजारातून घेतली असती तर महिन्याला 10,800 रुपये गेले असते. वाचले 4,500 रुपये. त्यातूनच लस, लाईटबिल आणि मजुरी भागवायची.

म्हणजे अंडी स्वस्त पडतात, फुकट पडत नाहीत. खाद्याचा आणि अंड्यांचा भाव रोज बदलतो, म्हणून हा हिशेब आपल्या बाजारभावाने पुन्हा मांडून बघावा.

पहिले पाच महिने नुसता खर्च

एक दिवसाचं पिल्लू आणलं की पहिलं अंडं दिसायला 18 ते 20 आठवडे लागतात. तोवर एक पक्षी सात-आठ किलो खाद्य खातो. 100 पक्ष्यांना 700 ते 800 किलो, म्हणजे 30 रुपये भावाने 21 ते 24 हजार रुपये. हे पैसे पिल्लं आणायच्या आधी वेगळे काढून ठेवायला हवेत. तेवढे नसतील तर 30-40 पक्ष्यांवर सुरुवात करावी. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जाती परसात फिरून थोडं खाणं स्वतः शोधतात, रोगालाही बऱ्यापैकी टिकतात. मात्र अंडी लेअरपेक्षा बरीच कमी देतात.

शेड कसं असावं

लेअर कोंबडी गादीवर म्हणजे लिटरवर पाळायची तर प्रत्येकीला दोन चौरस फूट जागा धरतात. 100 कोंबड्यांना 10 बाय 20 फुटांचं शेड पुरतं. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे ऊन थेट आत येत नाही. खाली फूटभर भिंत आणि वर जाळी हवी. जमीन आसपासपेक्षा उंच असावी. खाली दोन-तीन इंच साळीचं तूस पसरावं आणि ते कोरडं ठेवावं. ओल्या तुसाने वास सुटतो आणि रक्ती हगवण लागते. शेड मुलांच्या झोपायच्या खोल्या आणि स्वयंपाकघर यांच्यापासून लांब असावं. वारा शेडकडून मुलांच्या खोल्यांकडे वाहणार नाही, अशी जागा निवडावी. मुंगूस, मांजर आत शिरेल अशी फट राहू देऊ नये.

पिल्लांची ऊब आणि लस

पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब लागते. दर पिल्लाला दोन वॅट या हिशेबाने बल्ब लावतात. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय. लांब पळून तोंड उघडून बसली तर गरम होतंय. सगळीकडे पसरून चरत असतील तर ऊब बरोबर आहे. लाईट जाते तिथं दुसरी सोय आधीच करून ठेवावी. एका रात्रीच्या थंडीत निम्मी पिल्लं मरू शकतात.

मॅरेक्सची लस हॅचरीतच पहिल्या दिवशी देतात. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा आणि चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरोची लस असते. पुढे लासोटाचा दुसरा डोस, देवीची लस आणि मानमोडीची पुढची लस येते. वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून आपल्या भागाप्रमाणे लिहून घ्यावं.

पक्षी अचानक एकापाठोपाठ मरायला लागले तर मेलेले पक्षी फेकू नका, विकू नका, मुलांना हात लावू देऊ नका. लगेच दवाखान्याला कळवा. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, हे विसरू नये.

काम कुणी करायचं?

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. अनाथ मुलं ही फुकटची मजूर नाहीत. 14 वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यास कायद्याने बंदी आहे. शेडसाठी पगारी माणूस ठेवावा आणि त्याचा पगार हिशेबात धरावा. मोठ्या मुलांनी शिकण्यासाठी अंडी मोजावीत, वही लिहावी, लस कशी देतात ते बघावं. तेही शाळा आणि अभ्यास सांभाळून. शेडमधून आल्यावर साबणाने हात धुणं सक्तीचं करावं आणि अंडी नीट उकडूनच द्यावीत.

संस्थेची बाल न्याय कायदा 2015 खाली नोंदणी असलीच पाहिजे. परदेशातल्या मंडळींकडून देणगी घ्यायची असेल तर परदेशी देणगी कायद्याखालची परवानगी लागते. ते पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच घ्यावे लागतात.

अंडी बंद पडू नयेत म्हणून

साधारण 72 आठवड्यांनंतर लेअर कोंबडीची अंडी कमी होतात आणि ती विकावी लागते. सगळ्या कोंबड्या एकाच वयाच्या असतील तर सगळी अंडी एकदम बंद होतात आणि मुलांचं अंडंही जातं. म्हणून दोन वेगळ्या शेडमध्ये 50-50 चे दोन लॉट काही महिन्यांच्या अंतराने घ्यावेत. जुन्या कोंबड्या विकून आलेला पैसा नव्या पिल्लांसाठीच बाजूला ठेवावा. कोंबडखत चांगलं कुजवून शेताला घालावं, तेवढाच रासायनिक खताचा खर्च वाचतो.

रोज संध्याकाळी वहीत चार आकडे लिहावेत: किती अंडी निघाली, किती मुलांना दिली, किती विकली आणि किती खाद्य लागलं. मुलांच्या अंड्यांचा आकडा घटून विक्रीचा वाढायला लागला, तर प्रकल्प ज्यांच्यासाठी काढला त्यांनाच तो विसरला, असं समजावं.