देवडीवरील पहारा आणि नवी डिस्क

नाशिकच्या जुन्या वाड्यांत शिरतांना प्रथम देवडी लागे. चोर कोण आणि धन्यानेंच बोलावलेला सुतार कोण, हें तेथील पहारेकऱ्याला नुसत्या मुद्रेवरून कळत नसे. ओळख पटेपर्यंत तो दोघांनाही अडवी. संगणकाच्या कारभारांतही असाच प्रकार घडतो. घरांतील छायाचित्रें व कागदपत्रें सुरक्षित राहावींत म्हणून गृहस्थ नवी डिस्क आणतो. तिची मांडणी करूं लागतांच परवानगी नाकारल्याची सूचना पडद्यावर उमटते. डिस्कच सदोष निघाली, असें समजून तो ती परत करावयास निघतो. परंतु प्रत्येक वेळीं दोष डिस्कचाच असतो, असें नाहीं.

कोणतीही डिस्क वापरांत आणण्यापूर्वीं तिच्या आरंभींच्या भागांत विभागांची नोंद लिहावी लागते. जुन्या एमबीआर पद्धतींत ही मुख्य नोंद पहिल्या ५१२ बाइटांतच मावते. घातक आज्ञावल्यांचा डोळा नेमका ह्याच जागेवर असतो. २७ जून २०१७ रोजीं 'नॉटपेट्या' नांवाच्या आज्ञावलीनें अनेक देशांतील संगणकांच्या ह्या भागावर स्वतःचा मजकूर चढविला आणि ते संगणक निकामी झाले. नाशिकचीं द्राक्षें व कांदा ज्या न्हावा-शेवा बंदरांतून परदेशीं जातात, तेथील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचें कामही त्या हल्ल्यांत विस्कळीत झालें.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० मध्यें 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' हा पहारा आणला. तो मुळांत बंद असतो. चालू केल्यावर मात्र अनोळखी आज्ञावलीला तो ठराविक फोल्डरांत, तसेंच डिस्कच्या मूळ खंडांवर, लिहूं देत नाहीं. प्रशासकाचा अधिकार वापरूनही हा अडसर दूर होत नाहीं; कारण हा पहारेकरी माणसाची नव्हे, तर काम करणाऱ्या आज्ञावलीची ओळख पाहतो.

अशा वेळीं विंडोज सिक्युरिटीमधील 'प्रोटेक्शन हिस्टरी' उघडावी. तेथें अडविलेल्या आज्ञावलीची नोंद सांपडते. ती विश्वसनीय ठिकाणाहून घेतलेली असल्याची खात्री पटल्यास केवळ तिलाच परवानगी द्यावी. जोडलेल्या डिस्कांपैकीं नवी कोणती, हें आकारमानावरून दोनदां ताडून पाहावें; चुकीच्या डिस्कची मांडणी झाली तर जपलेला संग्रहच नाहींसा व्हावयाचा. काम संपतांच परवानगी काढून घ्यावी. नोंद मुळींच नसेल, तर मग केबल वा डिस्क तपासावी.

सगळा पहाराच उठविणें सोपें खरें. पण सुतार आंत यावा म्हणून देवडी रात्रभर उघडी टाकणाऱ्या धन्याला शहाणा कोण म्हणेल?