यजमान उपाशी, पाहुणा तुपाशी

आमच्या घरातल्या रोबोचं नाव गडगड्या. चार पिवळ्या प्लॅस्टिकच्या गिअर-मोटारी, ॲक्रिलिकची पाटी आणि वर रबरबँडने बांधलेला माझा जुना अँड्रॉइड फोन. फोनच त्याचा डोळा, होकायंत्र आणि मेंदू. पहिल्यांदा तो स्वतःच्या बुद्धीने दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात गेला तेव्हा घरात टाळ्या पडल्या. परतताना फ्रिजपाशी फोनने मान टाकली. मोटारींचे सेल मात्र ठणठणीत! कोठीत धान्य असताना कर्त्याने भुकेने मरावं, तसली गत. त्या दिवसापासून मला रोबोच्या सेलांवर फोन पोसण्याचा नाद लागला.

यूएसबीचा नियम आपल्या लग्नघरासारखा आहे : जो यजमान, त्याने वाढायचं. एरवी संगणक यजमान आणि फोन पाहुणा, म्हणून फोन चार्ज होतो. पण रोबोवर फोनने मोटारी चालवणाऱ्या आर्डुइनो बोर्डाला हुकूम सोडायचे, म्हणजे ओटीजी केबल लावून फोनच यजमान होणार आणि स्वतःच्या पोटातले 5 व्होल्ट आर्डुइनोला वाढणार. हुकूम सोडण्याची किंमत!

आता माझी आवडती जागा. जाड यूएसबीत चार तारा असतात, मायक्रो यूएसबीच्या पिनमध्ये मात्र एक जास्तीचं टोक असतं. ते मोकळं ठेवलं तर फोन स्वतःला पाहुणा समजतो, ग्राउंडला टेकवलं तर यजमान. बहुतेकांना एवढंच ठाऊक असतं. पण यूएसबीच्या बॅटरी चार्जिंगच्या 2010 सालच्या नियमावलीत तिसरी वाट आहे : टोक आणि ग्राउंड यांच्यामध्ये 124 किलोओहमचा रेझिस्टर लावा. मग फोनला कळतं, की यजमान आपणच, पण जेवण बाहेरून येणार आहे. तांदळाएवढ्या वस्तूने सगळी पंगत फिरते!

हा 124 चा रेझिस्टर शोधत मी पुण्याच्या तपकीर गल्लीत दुपारभर हिंडलो. एका दुकानदारकाकांनी तर सरळ सांगितलं, ‘‘120 घ्या हो, काय बिघडतंय?’’ बिघडतं. फोन इथे मोजूनमापून बघतो, पाच टक्के इकडेतिकडे चालणारा साधा रेझिस्टर त्याला पटेलच असं नाही. शेवटी एक टक्कावाले दोन घेतले, 120 आणि 3.9, आणि एकापुढे एक जोडले. 123.9! घरी आल्यावर कळलं, की स्वस्तातल्या पिनला ते जास्तीचं टोक बाहेरच काढलेलं नसतं. पुन्हा तपकीर गल्ली. काकांनी चहा पाजला.

एवढं करूनही सगळे फोन हे मानत नाहीत. माझ्या फोनने मानलं, बायकोच्या फोनने साफ नाकारलं. कंपनीने ही सोय आत ठेवलीच नसेल, तर बाहेरून रेझिस्टर लावून काय होणार?

याहून चतुर तोड 2011 मध्ये निघाली. इताय बेन-त्स्वी यांचा ‘योयो’ बोर्ड स्वतः यजमान होतो, फोनला जेवू घालतो आणि तरी हुकूम फोनचेच पाळतो. फोनला किती करंट द्यायचा ते ठरवायला बोर्डावर चिमुकला स्क्रू आहे, म्हणजे पाहुण्याने रोबोची कोठी रिकामी करू नये. त्याच वर्षी गूगलनेही अँड्रॉइडसाठी असाच उलटा शिष्टाचार जाहीर केला : जोडलेल्या उपकरणाने फोनला 5 व्होल्टवर 500 मिलिअँपिअर द्यायचे.

पण 500 मिलिअँपिअर म्हणजे अडीच वॉट. कॅमेरा, स्क्रीन आणि वाय-फाय चालू असताना माझा फोन मीटरवर तीन वॉटच्या वर खात होता. चार्जिंगची खूण दिसत असताना टक्के खाली येतात, ते यामुळे.

फोनवर चालणाऱ्या रोबोंचा इतिहास थोडक्यात : आयफोनवर चालणारा रोमो 2011 मध्ये आला, 2020 मध्ये इंटेलच्या संशोधकांनी पन्नास डॉलरच्या आसपास बनणारा ओपनबॉट मांडला. आणि 25 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्या पीएसएलव्ही-सी20 ने श्रीहरिकोटाहून सरे विद्यापीठाचा स्ट्रँड-1 उपग्रह नेला, त्याच्या पोटात चक्क नेक्सस वन फोन होता. गडगड्याचा थोरला भाऊच म्हणायचा!

पुन्हा पंगतीकडे वळू. नव्या टाइप-सीमध्ये हुकूम कोणाचा आणि वीज कोणाची, हे दोन वेगळे प्रश्न ठेवले आहेत. चार्जिंगसाठी वेगळी खाच असलेला हब घ्या, फोनने मानला तर काम झालं. मला विचाराल तर यात मजा नाही.

घाई असलेल्यांनी ब्लूटूथचा एचसी-05 लावावा. हुकूम हवेतून जातात, यूएसबी नुसत्या जेवणाला उरते. मग डेटाच्या दोन तारा एकमेकींना जोडल्या, की फोनला भिंतीवरचा चार्जर भेटल्यासारखं वाटतं आणि तो मोकळ्या हाताने खातो. फक्त 5 व्होल्ट बनवायला 7805 रेग्युलेटर वापरू नका. तीन लिथियम सेलांच्या 11.1 व्होल्टवरून एक अँपिअर घेतला, तर सहा वॉट नुसत्या उष्णतेत जातात. माझं बोट भाजलं आहे. एलएम2596 चा तयार मोड्यूल घ्या, आणि फोनसाठी वेगळा घ्या. नाहीतर मोटारी सुरू होताना व्होल्टेज गचका खातं आणि चार्जिंग तुटतं.

आणि जुना फोन काढाल तेव्हा आधी त्याची पाठ बघा. ती फुगली असेल, तर तो रोबोवर चढवू नका, चार्जिंगलाही लावू नका. ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या आणि दुसरा शोधा.