विश्लेषण : पर्यटनस्थळी एका वेळी किती माणसं मावतात? गर्दीचं गणित नेमकं काय?

१५ जून २०२५, रविवार. मावळातल्या कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांसह कोसळला. चौघांचा जीव गेला, ५०हून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. पुलावर या क्षणी किती जण उभे आहेत, हे मोजणारं मात्र कुणी नव्हतं.

दिवसाचा आकडा फसवा का?

‘आज अमुक हजार पर्यटक आले’ अशी बातमी आपण वाचतो. पण पूल, लेणी किंवा धबधब्याची वाट दिवसाच्या आकड्याने भरत नाही, ती त्या क्षणाच्या आकड्याने भरते. हिशेब सोपा आहे : तासाला आत येणारे गुणिले प्रत्येक जण थांबतो ते तास. तासाला ३०० जण आले आणि दोन तास रमले, तर आत ६०० असतात. पाऊस छान पडतोय म्हणून तेच लोक तीन तास थांबले, की आकडा ९०० होतो. गेटवर एकही माणूस वाढलेला नसतो!

म्हणजे व्यवस्थापनाच्या हातात दोन नळ असतात. एक प्रवेशाचा, दुसरा थांबण्याच्या वेळेचा. ताजमहालमध्ये २०१८ पासून तिकिटावर तीन तासांची मर्यादा आहे, तो हा दुसरा नळ. त्याच वर्षी मुख्य मकबऱ्यासाठी २०० रुपयांचं वेगळं तिकीटही आलं. कारण बाग प्रशस्त आहे, गर्दी तुंबते ती आतल्या घुमटाखाली.

अजिंठ्यात रांग का लागते?

चित्रं असलेल्या लेण्यांत एका वेळी साधारण ४० जणांनाच सोडतात. श्वासातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड रंगांना मारक ठरतो. प्रत्येकाने १५ मिनिटं घेतली असं धरलं, तर तासाला १६० जण होतात, आठ तासांत १,२८०. सुटीच्या दिवशी ३ हजार लोक आले तर रांग लागणारच, पहारेकऱ्यावर ओरडून ती सरकत नाही.

अजिंठ्याची खरी हुशारी मात्र लेण्यांपासून चार किलोमीटरवर आहे. खासगी गाड्या फर्दापूर फाट्यावरच थांबतात, पुढे एसटीच्या बसने जायचं. ५० आसनांची बस दर दहा मिनिटांनी सोडली, तर तासाला ३०० पेक्षा जास्त माणसं वर पोहोचूच शकत नाहीत. बसच गेटचं काम करते.

साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३ हजारांची मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी आहे. स्थानिक गावांच्या समित्या ती राबवतात. मर्यादा चांगलीच, पण त्यातले निम्मे लोक अकरा ते एकच्या दरम्यान आले तर फुलं तुडवली जातातच. म्हणून वेळेचे टप्पे महत्त्वाचे.

गेटच नसेल तर?

खरी अडचण इथे आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यानंतर प्रशासनाने निर्बंध लावले. मनाईचा आदेश म्हणजे आकडा एकदम शून्य. आदेश उठला की थेट ‘कितीही’. मधला आकडा कुणी ठरवतच नाही.

तो ठरवायला कोट्यवधींचे कॅमेरे लागत नाहीत. नदीकाठी, धबधब्याजवळ मोठा जमाव गाड्यांनी येतो. वाहनतळ दोन-तीन किलोमीटर आधी हवा, त्यात २०० गाड्यांची जागा असेल तर गाडीमागे चार धरून ८०० माणसं झाली. तळ भरला की मागची वाहनं वळवायची. रस्त्याकडेला गाड्या लावू दिल्या तर हा हिशेब पहिल्याच वळणावर कोलमडतो, आणि पावसाळी शनिवार-रविवारी नेमकं तेच होतं. यासाठी लागतात चार माणसं, एक वॉकीटॉकी आणि गाड्या परत पाठवायची हिंमत. हे शेवटचं अवघड, कारण भजी-मक्याच्या टपऱ्यांचा वर्षाचा गल्ला त्याच दोन महिन्यांत होतो.

जाण्याआधी हे तपासा

अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी, ताजमहाल शुक्रवारी. कासची नोंदणी निघण्याआधीच करा. धबधब्याला जाणार असाल तर त्या दिवशीचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश पाहूनच निघा.