आम्ल किती वेगानं सोडायचं?

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर, समुद्रतळाखाली, मुंबई हायचं तेल आहे. 1974 साली सापडलेल्या या क्षेत्रातलं बरंचसं तेल चुनखडीच्या थरांत साठलेलं आहे. चुनखडीतल्या बारीक छिद्रांमधून ते विहिरीकडे झिरपतं. खोदकामाचा चिखल याच छिद्रांत बसला की वाट तुंबते. त्यावरचा उपाय जुना आहे: विहिरीत हायड्रोक्लोरिक आम्ल सोडायचं. हर्मन फ्राश यांनी 1896 मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. सर्वसाधारण समज असा की, जास्त आम्ल म्हणजे जास्त मोकळी वाट. हिशेब मात्र वेगळं सांगतो. 15 टक्के तीव्रतेचं एक लिटर आम्ल साधारण 220 ग्रॅम चुनखडी विरघळवतं. ज्या दगडाचा पाचवा हिस्सा छिद्रांचा आहे तो पूर्ण विरघळवायचा, तर छिद्रांत मावेल त्याच्या जवळजवळ 50 पट आम्ल लागेल. प्रत्यक्षात, वेग नेमका साधला तर छिद्रं एकदा भरायला लागेल त्याहूनही कमी आम्लात दगडाच्या आरपार वाट पडते. म्हणजे खरा प्रश्न वेगाचा आहे, आणि त्याचं उत्तर संगणकाशिवाय नीट मिळत नाही.

आम्ल फार सावकाश सोडलं तर ते तोंडाशीच खर्ची पडतं. दर्शनी भाग झिजतो, आतला दगड कोराच राहतो. फार वेगानं सोडलं तर ते सगळ्या छिद्रांत पसरून सगळीकडे थोडं थोडं खातं. या दोन टोकांच्या मध्ये एक विलक्षण गोष्ट घडते. जे छिद्र शेजाऱ्यांपेक्षा किंचित मोठं असतं, त्यात आम्ल जास्त शिरतं, म्हणून ते आणखी रुंदावतं, म्हणून आणखी आम्ल ओढून घेतं, आणि शेजारची छिद्रं उपाशी राहतात. त्यातून फांद्या फुटलेला लांब बोगदा तयार होतो. या क्षेत्रातले लोक त्याला वर्महोल म्हणतात. हे सगळं प्रयोगशाळेतही पाहता येतं, पण तिथे मोठी अडचण आहे: आम्ल गेलेला दगडाचा नमुना कायमचा बदलतो. दुसरा वेग तपासायला दुसरा नमुना घ्यावा लागतो, आणि मग फरक वेगामुळे पडला की दगडामुळे, हे ठरवणं अवघड होतं. संगणकात तोच दगड हव्या तितक्या वेळा विरघळवता येतो.

त्यासाठी दगडाचे लहान लहान चौकोन कल्पून प्रत्येकात प्रवाह, आम्लाची तीव्रता आणि छिद्रांचं प्रमाण यांचा हिशेब क्षणाक्षणाला मांडतात. पंगा, झियाउद्दीन आणि बालकोटय्या यांनी 2005 मध्ये मांडलेलं मॉडेल अशा कामांत खूप वापरलं जातं. या गणितात सगळे चौकोन हुबेहूब सारखे ठेवले, तर बोगदा पडतच नाही. दगड सरळ रेषेत झिजत जातो. छिद्रांच्या प्रमाणात थोडा यादृच्छिक फरक पेरला की बोगदे उगवतात. यावर आक्षेप येतो की, मग बोगदा तुम्हीच पेरला. तो मला पटत नाही. पेरलेला फरक तोच ठेवून फक्त वेग बदलला, तरी तोंडाशी झीज, बोगदा आणि सर्वत्र विरघळणं ही तिन्ही रूपं दिसतात. बोगदा कुठे पडेल हे दगडातला फरक ठरवतो. पडेल की नाही हे मुख्यतः वेग ठरवतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नमुना काही सेंटिमीटरांचा असतो, त्यात आम्ल एका दिशेनं वाहतं. विहिरीपासून ते चहूकडे पसरतं, आणि जसजसं दूर जातं तसतसा त्याचा वेग घटतो. त्यामुळे विहिरीच्या भिंतीशी योग्य असलेला वेग काही अंतरावर अपुरा पडतो. द्विमितीय गणितही पुरत नाही, कारण आम्लाला वळसा घ्यायची मोकळीक खऱ्या दगडात त्रिमितीत असते. हे मान्यच करायला हवं. पण यातून गणित निरुपयोगी ठरत नाही, उलट ते विहिरीच्या आकारात आणि त्रिमितीत करायची गरज ठरते. नमुन्यावर मिळालेला आकडा जसाच्या तसा विहिरीवर लावणं ही चूक आहे, मग तो आकडा संगणकातून आलेला असो वा प्रयोगशाळेतून.