लेथवरचा कोबोल्ड आणि डोहातल्या आसरा

दोस्तांनो, भोसरीत, चिंचवडात किंवा चाकणला तुमच्या घरातलं कुणी लेथवर काम करत असेल, तर आज त्यांना एक प्रश्न विचारा. "तुमच्या टूलमध्ये भूत बसलंय, माहीत आहे का?" ते हसतील. मग त्यांना ही गोष्ट सांगा.

लोखंड कापायला कार्बाइडचं टूल वापरतात. टंगस्टन कार्बाइडचे बारीक, टणक कण एकमेकांना धरून ठेवण्यासाठी त्यात कोबाल्ट नावाचा धातू मिसळतात. आणि हे नाव आलं आहे चक्क एका भुतावरून!

जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात डोंगराच्या पोटात चांदीच्या खाणी होत्या. चार-पाचशे वर्षांपूर्वीची गोष्ट. तिथल्या खाणकामगारांना मधूनच चांदीच्या खनिजासारखा दिसणारा दगड सापडे. बिचारे आनंदाने तो भट्टीत टाकत. पण चांदी मिळायची नाहीच, उलट विषारी धूर निघे आणि माणसं आजारी पडत. आता हा उद्योग कुणाचा? कामगार म्हणत, कोबोल्डचा. कोबोल्ड म्हणजे खाणीत राहणारा खोडकर बुटका. तो खरी चांदी पळवतो आणि तिच्या जागी हा विषारी दगड ठेवून जातो! पुढे १७३५ च्या सुमारास गेओर्ग ब्रांट या स्वीडनच्या रसायनशास्त्रज्ञाने त्या दगडात एक नवाच धातू असल्याचं दाखवून दिलं. त्याला नाव मिळालं कोबाल्ट. धुरातलं विष होतं सोमलाचं, म्हणजे आर्सेनिकचं. निकेलचीही हीच कथा. तांब्यासारख्या दिसणाऱ्या पण तांबं न देणाऱ्या खनिजाला कामगार 'कुप्फरनिकेल' म्हणत. त्यातला 'निकेल' म्हणजे असाच एक खट्याळ पिशाच्च. १७५१ मध्ये क्रोनस्टेट या शास्त्रज्ञाने त्यातून धातू वेगळा काढला. भूत गेलं, पण नाव राहिलं. आज स्टेनलेस स्टीलच्या कितीतरी भांड्यांत ते असतं.

कोबोल्ड खोटा होता, पण धूर खरा होता. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता जरा आपल्या नद्यांकडे चला. पवना, इंद्रायणी, भामा या नद्यांच्या काठी, डोहाजवळ किंवा विहिरीपाशी शेंदूर लावलेले सात दगड ओळीने मांडलेले तुम्ही पाहिले असतील. त्या साती आसरा. कुठे त्यांना मावलाया म्हणतात. त्यांना हळदकुंकू, हिरव्या बांगड्या वाहतात. पण आजी एक गोष्ट बजावून सांगते : "डोहाकडे एकटं जायचं नाही, आसरा ओढून नेतात!" गंमत म्हणजे 'आसरा' हा शब्द आला 'अप्सरा'वरून. इंद्राच्या दरबारात नाचणाऱ्या त्याच अप्सरा. दरबारात नाचत होत्या तोवर सुंदर, डोहात आल्या तेव्हा भयंकर!

आता इंदोरीजवळच्या कुंडमळ्याला इंद्रायणीचं पात्र पाहा. (काठावरूनच पाहा!) वाहत्या पाण्याने गोटे गरागरा फिरवून खडकात खोल खळगे कोरले आहेत. त्यांना रांजणखळगे म्हणतात. वरून पाणी गुडघाभर वाटतं आणि पुढचं पाऊल एकदम खोलात जातं. आत भोवरा असला तर पट्टीच्या पोहणाऱ्याचंही काही चालत नाही. आसरांना मी कधी पाहिलेलं नाही, पण ज्याने त्यांना डोहापाशी बसवलं, त्याला नदी चांगली माहीत होती, एवढं मात्र खरं.

जपानमधल्या मुलांना असाच एक जण भेटतो, कप्पा. हा नदीत राहतो. दिसायला थोडा कासवासारखा, थोडा माकडासारखा. डोक्यावर एक खोलगट वाटी, तिच्यात पाणी. तेच त्याचं बळ. तो मुलांना पाण्यात ओढतो. पण तुम्ही वाकून नमस्कार केलात तर तोही रीतीप्रमाणे वाकतो, वाटीतलं पाणी सांडतं आणि त्याची शक्ती संपते! त्याला काकडी भारी आवडते. जपानमध्ये तळ्याकाठच्या 'येथे पोहू नये' अशा पाट्यांवरही कप्पाचं चित्र असतं. म्हणजे आपल्या आजीचं काम तिथे पाटी करते.

पण दोस्तांनो, भूत म्हणजे नेमकं कोण? इथे मोठा घोळ आहे. संस्कृतात 'भूत' म्हणजे जे झालं, जे अस्तित्वात आलं ते. म्हणून तर पंचमहाभूतं म्हणायची आणि भूतकाळही म्हणायचा. कर्नाटकात मंगळूरच्या आसपासच्या तुळू लोकांकडे भूत म्हणजे गावाचं राखण करणारं दैवत. त्याच्यासाठी रात्रभर भूतकोला चालतो. 'कांतारा' (२०२२) हा सिनेमा पाहिलेल्यांना तो आठवेल. इंग्रजीतला 'डीमन' हा शब्द आला ग्रीक 'डायमॉन'वरून. पण ग्रीकांचा डायमॉन वाईटच असे, असं नाही. देव आणि माणूस यांच्या मधली ती एक शक्ती. पुढे ख्रिस्ती धर्म आला, जुन्या शक्ती नकोशा झाल्या आणि डायमॉनचा सैतान झाला.

याहून मोठी उलटापालट आपल्या पारशी मंडळींच्या अवेस्ता या धर्मग्रंथात आहे. त्यात परमेश्वराचं नाव अहुर मज्द. 'अहुर' म्हणजे आपला 'असुर'! आणि 'दएव', म्हणजे आपला 'देव', हे तिथलं दुष्ट शक्तीचं नाव. दोन्ही भाषा एकाच आजीच्या नाती. ऋग्वेदातही वरुणासारख्या देवांना असुर म्हटलेलं आहे. मग एका घरात देव चांगले ठरले, दुसऱ्या घरात असुर.

असं दूर इराणातच घडतं असं मानू नका. शेताच्या बांधावरचा म्हसोबा घ्या. शेंदराने माखलेला गोल दगड, पुढे नारळ. तो शेताची राखण करतो. दामोदर धर्मानंद कोसंबी हे मोठे गणिती आणि इतिहासकार पुण्यात राहत आणि आसपासची गावं पायी फिरून असे दगड पाहत. त्यांनी म्हसोबाचं नातं थेट महिषासुराशी जोडलं आहे. दसऱ्याला देवीने ज्याला मारलं म्हणून आपण आनंद करतो, तोच बांधावर आपलं पीक राखत बसलेला! म्हैसूर शहराचं नावही महिषावरूनच आलेलं आहे. झारखंडात तर असुर नावाची एक आदिवासी जमात आहे. दगडापासून लोखंड गाळणं हे त्यांचं पिढीजात काम. त्यांच्यातले पुष्कळ लोक महिषासुराला आपला पूर्वज मानतात आणि दुर्गापूजेच्या दिवसांत दुःख पाळतात. लोखंडावर पोट भरणाऱ्या आपल्या पट्ट्याने त्यांची ओळख ठेवायला हवी, नाही का?

वेताळाचंही तसंच. विक्रमाच्या पाठीवर बसून कोडी घालणारा वेताळ सगळ्यांना ठाऊक आहे. १८७० साली रिचर्ड बर्टन या इंग्रजाने या गोष्टी इंग्रजीत नेल्या, तेव्हा वेताळासाठी शब्द वापरला 'व्हँपायर', म्हणजे रक्तपिपासू. आपल्या वेताळाने कुणाचं रक्त प्यायलं? तो तर न्यायाचे प्रश्न विचारतो! सिंधुदुर्गात आरवलीला तो वेतोबा होऊन गावाचा देव झाला आहे. रात्री तो गावाभोवती गस्त घालतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. म्हणून लोक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, सोबत केळी.

आता थोडं गंभीर. मराठी भुतांची नावं नीट पाहा. मुंज झाल्यावर लवकरच मेलेला मुलगा म्हणजे मुंजा. २०२४ च्या सिनेमामुळे तो पुन्हा सगळ्यांना माहीत झाला. ब्राह्मणाचं भूत समंध, परधर्मातल्या माणसाचं भूत खवीस. खवीस हा शब्दच अरबी. म्हणजे भुतांच्याही जाती लावून झाल्या, आणि परक्याचं भूत जरा जास्तच भयंकर! आणि हडळ? बाळंतपणात मेलेली बाई. उत्तरेत तिला चुडैल म्हणतात, मलेशियात पोन्तिआनाक. दवाखाने नव्हते तेव्हा बाळंतपणात किती बाया जात असतील, याचा हा जगभरचा पुरावाच. मला तर हडळीची भीती वाटण्यापेक्षा तिची दयाच येते.

अशी भुतं कारखान्यातही शिरतात. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज वैमानिक विमान बिघडलं की 'ग्रेमलिन'ला दोष देत. स्वतः वैमानिक असलेल्या रोआल्ड डालने १९४३ साली त्यांच्यावर मुलांसाठी पुस्तक लिहिलं. हा झाला विनोद. पण १९७० च्या दशकात मलेशियातल्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत खेड्यातून आलेल्या तरुण मुली काम करता करता किंचाळू लागत. सूक्ष्मदर्शकात भूत दिसलं म्हणत. एकीचं पाहून दुसरीला होई आणि काम बंद पडे. मालक मांत्रिक बोलावत. आइव्हा ऑङ्ग या अभ्यासक बाईंनी तिथे जाऊन त्या मुलींशी बोलून १९८७ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांना काय दिसलं? रात्रपाळ्या, तासन्‌तास डोळे फोडणारं काम, सतत डोक्यावर उभे असलेले साहेब, आणि तक्रार करायला कुठे जागा नाही. कोबोल्डच्या धुरासारखंच. भूत खोटं, त्रास खरा.

म्हणून कुणाच्या 'अंगात आलं' तर तिची टिंगलही नको आणि तिला मारझोडही नको. तिला डॉक्टरकडे न्यायचं. हे सांगण्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर महाराष्ट्रभर फिरले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला बांधणं, मारणं, मिरच्यांची धुरी देणं हा त्याने गुन्हा ठरतो. साप किंवा कुत्रं चावल्यावर दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र घालणं हाही गुन्हाच. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. आईबाबांनीही हे वाचावं, बरं का. खंडेनवमीला मशीनला हार घालणारे फिटरकाका मशीन बंद पडलं की आधी पाना हातात घेतात. माणसाच्या बाबतीतही तसंच करायला काय हरकत आहे?

आणि तुम्हाला एक काम. आपल्या या पट्ट्यात नोकरीसाठी सगळीकडची माणसं आली आहेत आणि येताना आपापली भुतं घेऊन आली आहेत. शेजारच्या बंगाली काकूंना मेछो भूत विचारा. ते म्हणे बाजारातून मासे घेऊन येणाऱ्याच्या मागे लागतं! मालवणच्या मित्राला देवचार विचारा. केरळच्या काकांना यक्षी विचारा. पांढरी साडी नेसून ती रात्री रस्त्यावर उभी राहते आणि वाटसरूकडे विड्याला चुना मागते. मग घरी येऊन आजीला जखीण म्हणजे कोण ते विचारा. देहूच्या तुकोबांनी एका अभंगात जाखाई, जोखाई ही नावं घेऊन आपला विठोबा त्यांच्यातला नव्हे, असं ठणकावलं आहे. त्या जाखाईचं आणि जखिणीचं मूळ 'यक्षी'तच सांगतात. म्हणजे केरळची चुना मागणारी आणि आपल्या आजीची जखीण, दोघी सख्ख्या बहिणी निघाल्या की!