अंगणवाडीसाठी घडीची खुर्ची

कारंजा (घाडगे) तालुक्यातल्या एका खोलीच्या अंगणवाडीत तिथंच खेळ, तिथंच जेवण. म्हणून खुर्ची मिटून भिंतीला लावता यावी. पण सुतारानं आधी मूल मोजावं, गुडघ्यामागून टाचेपर्यंत. तळवे जमिनीला टेकलेच पाहिजेत. चार वर्षांच्या मुलाला 26 सेंटिमीटर उंचीची बैठक साधारणपणे पुरते. वजन मुलाला स्वतः उचलता येईल इतकंच. मारिया माँटेसरींनी 1907 साली रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहात हाच आग्रह होता.

खरा धोका बिजागरीपाशी. उघडमीट होताना सरकणाऱ्या पट्ट्यांमधली फट सतत 5 मिलिमीटरहून कमी किंवा 12 मिलिमीटरहून जास्त राहावी; मधल्या मापात चिमुकलं बोट अडकून चिरडतं. उघडल्यावर खटकाही आपोआप बसावा. रंग-पॉलिश नंतर बघा. खुर्ची घेण्याआधी ती चार वेळा उघडून-मिटून पाहा.