फिशपाँड : गंमत कोणाची, अपमान कोणाचा?

शाळा-कॉलेजांच्या स्नेहसंमेलनात 'फिशपाँड' नावाचा एक कार्यक्रम असतो. जुने लोक त्याला 'शेलापागोटे' म्हणत. मुले एकमेकांवर चिठ्ठ्या लिहून पेटीत टाकतात. लिहिणाऱ्याचे नाव गुप्त असते. मग त्या चिठ्ठ्या माईकवरून वाचल्या जातात आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी असेल त्याला व्यासपीठावर बोलावून एखादी वस्तू दिली जाते. बडबड्याला कुलूप, झोपाळूला उशी. हसतखेळत वर्ष संपावे, एवढाच त्यामागचा हेतू. त्यात वाईट काहीच नाही.

परंतु यंदा आमच्या उपनगरातील एका हायस्कूलच्या संमेलनात या फिशपाँडने जे केले, त्यावरून आमच्या वस्तीत दोन तट पडले आहेत. शाळेचे नाव मी मुद्दाम देत नाही. त्या मुलीची ओळख उघड होऊ नये, हे एक कारण. आणि असा प्रकार कोणत्याही शाळेत घडू शकतो, हे दुसरे.

दहावीतील एका बौद्ध मुलीचे नाव माईकवरून पुकारले गेले. "विशेष बक्षीस" असे सांगितले गेले. मुलगी गणितात हुशार, सहामाहीत वर्गात पहिली. तिला वाटले, खरेच बक्षीस आहे. ती आनंदाने वर गेली. आईसुद्धा प्रेक्षकांत बसली होती. रंगीत कागदात गुंडाळलेले खोके तिने सर्वांसमोर उघडले. आत झाडूचा तुकडा होता आणि सोबत चिठ्ठी : "कोट्यातला पहिला नंबर." मुलीचे वडील सफाई कामगार आहेत, हे साऱ्या वर्गाला ठाऊक होते. सभागृह हसले. पहिल्या रांगेतले काही शिक्षकही हसले. कुणीतरी मोबाईलवर चित्रण केले आणि रात्रीपर्यंत ते वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरले. दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेत गेली नाही. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती.

चिठ्ठ्या आधी शिक्षकांनी वाचायच्या, असा शाळेचा नियम होता. त्या वाचल्याच गेल्या नव्हत्या.

वस्तीतील मतभेद

विहारात बैठक झाली, तेव्हा तरुण मंडळी म्हणाली, "थेट पोलीस ठाण्यात चला. ॲट्रॉसिटीचा गुन्हा आहे." वडीलधारे म्हणाले, "पोरीचे दहावीचे वर्ष आहे. आत्ता भांडण नको." काहींचे म्हणणे, "पोरेच ती. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना कसली जात कळते?" शाळेने आईवडिलांना कार्यालयात बोलावून, दार लावून, तोंडी दिलगिरी व्यक्त केली आणि प्रकरण मिटले असे मानले.

मतभेद वाढण्याचे आणखी एक कारण होते. हे करणाऱ्या तीन मुलांपैकी एक आपल्याच समाजाचा निघाला. चिठ्ठीवरचे अक्षर त्याचे होते. त्याचे वडील भर बैठकीत म्हणाले, "माझा पोरगा जयभीमवाला. तो जातीयवादी कसा असेल?" त्यांचा प्रश्न खोटा नाही. पण टोळक्यात राहायचे तर टोळक्याबरोबर हसावे लागते. नाहीतर उद्या तेच हसणे आपल्यावर उलटेल, ही भीती त्या मुलालाही असणार. त्याने आपल्या बहिणीला पुढे करून स्वतःला वाचवले. जात कळल्याशिवाय झाडूच का सुचला आणि कोटाच का आठवला, हा प्रश्न मात्र उरतोच.

शाळेतला अपमान लहान नसतो

बाबासाहेबांच्या चरित्रात एल्फिन्स्टन हायस्कूलमधला एक प्रसंग आहे. शिक्षकांनी गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावताच वर्गातल्या मुलांनी गलका केला. कारण फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे होते आणि ते बाटतील ही त्यांना भीती. डबे बाजूला केले गेले, मगच भीमराव फळ्याशी गेले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. गलका करणारी ती मुलेही पोरेच होती. त्यांना शिकवले कोणी? घराने आणि गावाने. आजची पोरेही 'कोटा' हा शब्द टोमण्यासारखा वापरायला घरीच शिकतात, आणि शाळा कानाडोळा करते.

तथागतांनी राहुलला काय सांगितले?

आपल्या धम्मात या प्रश्नाचे उत्तर आहे. मज्झिम निकायातील राहुलोवाद सुत्तात भगवान बुद्ध लहान राहुलला उपदेश करतात, की थट्टेतसुद्धा खोटे बोलू नये. "विशेष बक्षीस" हे थट्टेतले खोटेच होते. पुढे तथागत विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसेच प्रत्येक कृती करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर न्याहाळावी, की यातून मला किंवा दुसऱ्याला दुःख होते काय? सम्राट अशोकाने आपल्या बैराटच्या शिलालेखात भिक्षू-उपासकांनी ऐकावीत अशी जी सुत्ते नोंदवली, त्यांत राहुलला केलेला हा उपदेश आहे. मुलांसाठीची ही शिकवण सम्राटाला दगडावर कोरून ठेवण्याएवढी मोलाची वाटली.

म्हणजे गंमतीचे माप करणाऱ्याच्या हेतूवर ठरत नाही. जिच्यावर गंमत केली ती हसू शकते काय, हे पाहावे लागते.

कायदा काय म्हणतो?

"शाळेतल्या थट्टेला कुठला कायदा?" असे विचारणाऱ्यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात. महाराष्ट्रात १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा आहे. विद्यार्थ्याला मानसिक इजा होईल, लाज वाटेल असे वर्तन त्यात येते, आणि चिडवणे व थट्टामस्करी यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड. लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते. त्याने दुर्लक्ष केले तर तोही गुन्ह्याला साथ देणारा ठरतो.

ॲट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा. लोकांसमोर हेतुपुरस्सर केलेला जातीय अपमान त्यात गुन्हा आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींचे संरक्षण मिळाले. मात्र आरोपी स्वतः अनुसूचित जातीचा असेल तर हा कायदा त्याला लागत नाही. आणि आरोपी अठरा वर्षांखालील असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, जेथे भर सुधारणेवर असतो. म्हणून "पोरांचे आयुष्य बरबाद होईल" ही भीतीही पुरती खरी नाही.

माझे आयुष्य कारकुनीत गेले. त्या अनुभवावरून सांगतो, तोंडी तक्रार कितीही खरी असली तरी ती दाराबाहेर जाताच विरून जाते. अर्ज लेखी द्यावा, त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. व्हॉट्सअॅपवरचे चित्रण रागाने पुसून टाकू नये, जपून ठेवावे. पण ते पुढे कोणालाही पाठवू नये. प्रत्येक वेळी पाठवताना त्या मुलीचा नव्याने अपमान होतो.

तिचे म्हणणे

दोन्ही तट एकमेकांशी भांडत असताना महिला मंडळाच्या एका मावशींनी जाऊन त्या मुलीलाच विचारले, "बाळा, तुला काय हवे?" तिचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. ती म्हणाली, "झाडूची मला लाज नाही, मावशी. बाबा त्याच्यावरच घर चालवतात. हसले त्यांना लाज वाटली पाहिजे. मुलांना परीक्षेला बसू द्या. पण ज्या हॉलमध्ये सगळे हसले, त्याच हॉलमध्ये सगळ्यांसमोर सरांनी सांगावे की ही गंमत नव्हती."

मला तिचे म्हणणे पटते. अपमान माईकवरून झाला, मग दिलगिरी बंद दाराआड कशी चालेल? अंगुलिमालाला तथागतांनी संघात घेतले, त्याला सुधारण्याची वाट दिली. तरी भिक्षेला गेल्यावर लोकांनी मारलेले दगड त्याला सोसावे लागले. केल्याचे फळ चुकले नाही. या मुलांनाही वाट मिळावी आणि फळही कळावे. ज्या शिक्षकांनी चिठ्ठ्या न वाचता पुढे जाऊ दिल्या, त्यांचा जाब तर आधी घ्यावा. ते अठरा वर्षांखालील नाहीत.

लेखी अर्ज आता शाळेत दाखल झाला आहे. तरुणांना हे मवाळ वाटते, वडीलधाऱ्यांना जहाल. मतभेद असू द्यावेत. पण एकदा अर्ज दिल्यावर साऱ्यांनी त्या आईवडिलांच्या पाठीशी उभे राहावे. मुलीची बुडालेली शिकवणी विहारात संध्याकाळी भरून काढायला आपल्यातले दोन पदवीधर पुढे आले, हे फार चांगले झाले.

आपल्या पालकांना एकच विनंती. शाळेच्या संमेलनाआधी मुख्याध्यापकांना भेटा. पालक-शिक्षक सभेत विचारा की फिशपाँडच्या चिठ्ठ्या कोण वाचणार, त्याचे नाव सांगा. आणि रात्री जेवताना आपल्या मुलांनाही विचारा, "आज वर्गात कोणाला हसलात? तो हसला काय?" आपले मूल हसणाऱ्यांत असेल, तर त्याला राहुलचा आरसा दाखवण्याचे काम आपलेच आहे.

जयभीम!